पाळलेल्याची वारसनोंद

दोस्तांनो, शाळेच्या पुस्तकात 'दत्तक' हा शब्द आपल्याला भेटतो तो राजवाड्यात. सातारच्या छत्रपतींनी मरताना दत्तक घेतला, डलहौसीनं तो मानला नाही, १८४८ साली राज्य खालसा. दुसऱ्या बाजीरावाचा दत्तक मुलगा नानासाहेब, बाजीराव १८५१ साली मेला आन् इंग्रजांनी त्याचा तनखा बंद केला. झाशीच्या गंगाधररावांनी १८५३ साली मरायच्या आधी दत्तक घेतला, तोही नामंजूर. मग सत्तावन्नचं बंड. बंड मोडल्यावर १८६२ साली कॅनिंगनं संस्थानिकांना सनदा वाटल्या : घ्या दत्तक, गादी तुमची तुमच्याकडं.

ह्या सगळ्या धड्यात पोर कुठंय? त्याला आई पाहिजे होती का, त्याची जन्मदाती कुठं रडत बसली, ह्याचा पत्ता नाही. पुस्तकातला दत्तक म्हंजे गादीला बसवलेलं ठिगळ. गादी असली तर दत्तक, गादी नसली तर इतिहास नाही.

मग ज्यांना गादी नव्हती, वाडा नव्हता, सातबारावर नाव नव्हतं, त्यांनी दुसऱ्याची पोरं सांभाळलीच नाहीत का? आपल्या महारवाड्यात, मांगवाड्यात दर दोन घराआड एक पाळलेलं पोर होतं. कुणी दुष्काळात आणलेलं, कुणी पटकीत मायबाप गेलेलं, कुणी बहिणीचं. त्याला कुणी 'दत्तकविधान' म्हटलं नाही. 'ओटीत घेतला' म्हटलं, 'पदरात घेतला' म्हटलं. ह्या ओटीतल्या पोरांचा इतिहास मी गेली चार वर्षं शोधतोय. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर तिसरी पाळी करायची, सकाळी दोन तास डोळा लावायचा आन् तालुक्याची एसटी धरायची. कॉलेज मी बघितलेलं नाही. मोडी शिकलो ती एका जुन्या पुस्तिकेवरनं, बॉबिन बदलता बदलता अक्षरं घोकत. जे सापडलं ते तुमच्यापुढं मांडतो.

१

आधी शत्रूचा कागद वाचावा.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बारा प्रकारचे मुलगे सांगितलेत. औरस, म्हंजे लग्नाच्या बायकोचा स्वतःपासून झालेला, हा पहिला. दत्तक, विकत घेतलेला क्रीत, कुमारीचा कानीन, असे करत करत बाराव्या नंबरला शौद्र, शूद्र बाईच्या पोटचा. म्हंजे पोराची उतरंडसुद्धा जातीच्या उतरंडीसारखीच लावलेली, आन् तळाला कोण ते सांगायला नको. मुलगा कशाला पाहिजे? तर पिंड द्यायला, 'पुत्' नावाच्या नरकातनं बापाला ओढून काढायला. पोर म्हंजे नरकाच्या विहिरीत सोडलेला दोर. दोर कुठल्या जातीच्या काथ्याचा, ही त्यांची चिंता.

ह्या बारांत एक आहे 'अपविद्ध'. आईबापांनी टाकलेलं आन् दुसऱ्यानं उचलून वाढवलेलं पोर. मनूच्या यादीत त्याला सहावी जागा आहे. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

दत्तक पोर कसं असावं? मनू म्हणतो 'सदृश', म्हंजे सारखं. कशानं सारखं? जुना टीकाकार मेधातिथी म्हणतो, गुणानं. नंतरचा कुल्लूक म्हणतो, जातीनं. एका शब्दाचे दोन अर्थ निघत होते, त्यातला जातीचा अर्थ पंडितांनी पुढं घट्ट धरला. पुढं त्यांनी आणखी एक कात्री चालवली. कलियुगात बाकीचे मुलगे वर्ज्य, फक्त औरस आन् दत्तक चालेल. अपविद्ध गेला. टाकलेल्या पोराला शास्त्रात जी सहावी जागा होती तीही पुसली.

सतराव्या शतकात काशीच्या नंदपंडितानं 'दत्तकमीमांसा' लिहिली. १८२१ साली सदरलँड नावाच्या इंग्रजानं तिचं आन् 'दत्तकचंद्रिके'चं भाषांतर केलं, आन् इंग्रज जज्जांच्या हातात पोथी पडली. पूर्वी पंडित पोथी बाजूला ठेवून गावची चाल बघायचा तरी. आता पोथी छापील झाली, तिचा कायदा झाला, आन् शेवटचा शब्द लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा. बामणी पोथीला गोऱ्याचा शिक्का. आपल्या मानेवर दोन्ही जू एकाच वेळी बसले ते असे.

कोर्टानं 'शूद्रां'साठी थोडी सवलत ठेवली. होम नको, नुसतं देणं-घेणं पुरे. द्विजांना बहिणीचा किंवा मुलीचा मुलगा दत्तक घेता येत नव्हता, शूद्रांना येत होता. मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याच्या परवानगीवाचून दत्तक घेता येई. वाचून बरं वाटतं. पण देणं-घेणं म्हंजे काय? देणारा बाप पाहिजे, बाप नसला तर आई पाहिजे. तिसऱ्या कुणालाच पोर देण्याचा अधिकार नाही. चुलत्याला नाही, आजीला नाही, गावाला नाही.

मग ज्या पोराचे आईबाप दोन्ही मेले त्याचं काय? ते दत्तक जाऊच शकत नव्हतं. ज्याला आईची सगळ्यात जास्त गरज, तेच पोर कायद्याच्या दाराबाहेर. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तीन पुस्तकं उघडून खात्री केली. तिन्हीत तेच. वेगळी चाल सिद्ध करता आली तर गोष्ट वेगळी, आन् चाल सिद्ध करायला वकील लागतो. महाराच्या पोराला वकील कुठला?

आणि पोरगी? पोरगी पिंड देत नाही, म्हणून दत्तक नाही. कलावंतिणी, नायकिणी तेवढ्या पोरगी दत्तक घ्यायच्या. १८८० साली मुंबई हायकोर्टापुढं मथुरा नायकिणीचा खटला आला. कोर्टानं असलं दत्तक मानायला नकार दिला, नीतीच्या विरुद्ध म्हणून. बरोबर आहे, पोरीला धंद्याला लावण्यासाठी घेणं वाईटच. पण जिनं पोरगी नुसती जीव लावायला घेतली असती तिच्यासाठीही दुसरं दार कुठं होतं?

२

आता आमच्या घराचा कागद.

आमचं गाव माणदेशात. पाऊस तिथं पाहुण्यासारखा येतो, चहा घेतो न् जातो. माझा पणजा पाळलेला होता, एवढं घरात सगळ्यांना माहीत. लग्नाकार्यात भांडण निघालं की भावकीतली एखादी म्हातारी फेकायचीच, "तुमचं मूळ कुठलं ते आमाला ठावं हाय." आजा गप बसायचा. बाप गप बसायचा. मला गप बसवेना.

१९१८ साली पाऊस गेला आन् त्याच पावसाळ्याच्या अखेरीस मानमोडीची साथ आली. इंग्रजीत तिला इन्फ्लुएंझा म्हणतात. मुंबई इलाख्यात दहा लाखांवर माणसं मेली. आमच्या घरी सांगतात ती गोष्ट अशी : माझी खापरपणजी पंढरीच्या वाटेवर खडी फोडायला गेली होती, परत आली ती कडेवर तीन वर्षांचं पोर घेऊन. नवऱ्यानं विचारलं, "कुणाचं?" ती म्हणाली, "भुकेचं." एवढंच. स्वतःची तिची दोन पोरं त्याच महिन्यात गेली होती.

गोष्टीवर इतिहास उभा राहत नाही, म्हणून मी कागद काढायला गेलो. तालुक्याच्या कचेरीत (नाव घेत नाही) कारकुनानं पहिल्यांदा विचारलं, "कशाला पाहिजे? जमिनीचं काम हाय का?" म्हटलं, "नाही, पणज्याचं." तो हसला. सात खेपा झाल्या. आठव्या खेपेला रेकॉर्डरूमचा शिपाई, आपलाच माणूस, म्हणाला, "बस, काढतो." धूळ खात बसलो. तीन कागद निघाले.

पहिला, गावचं जन्ममृत्यूचं रजिस्टर, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. १९१३ ते १९१७ ह्या सालांत माझ्या खापरपणज्याच्या नावावर मुलाच्या दोन नोंदी आहेत, आन् त्या दोन्ही मुलांच्या मरणाच्या नोंदी १९१८ च्या कार्तिकात आहेत. तिसऱ्या मुलाची नोंद नाही. म्हंजे म्हातारीचं बोलणं खरं. पणजा औरस नव्हता.

दुसरा कागद १९३४ चा फेरफार. खापरपणजा मेला, महारकी वतनातल्या त्याच्या तक्षिमेला वारस लावायचा. भावकीनं हरकत घेतली. शेरा असा आहे की सदर इसम मयताचा औरस नाही, पाळलेला आहे, दत्तकविधान झालेलं नाही, सबब नोंद नामंजूर. मोडीतल्या चार ओळी. चार ओळींत एकोणीस वर्षांचा एक पोरगा बिनबापाचा केला. आन् कायद्यानं तो शेरा बरोबरच होता. दत्तकविधान होणार कसं? देणारे आईबाप मानमोडीत मेलेले!

पण त्याच दप्तरात येसकर पाळीची यादी आहे. कोणी कोणत्या साली गावाची राखण केली, सरकारी टपाल पोचवलं, साहेबाच्या घोड्यापुढं पळाला, त्याची. १९३४ च्या आधीची चार वर्षं आन् नंतरची दहा वर्षं त्या तक्षिमेच्या पाळीवर नाव पणज्याचं. दोस्तांनो, हे नीट बघा. राबायला तो वारस होता, जमीन वाटताना तो पाळलेला होता. वतनाचा अर्थ मला ह्या एका यादीनं जितका कळला तितका कुठल्या भाषणानं कळला नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाचा कायदा दुरुस्त करायचं बिल का आणलं, ते ह्या यादीत लिहिलेलं आहे. वतन म्हंजे जमिनीचा तुकडा दाखवून पिढ्यान् पिढ्या फुकट राबवून घेणं. तुकडा इतका लहान की त्याच्यासाठी भाऊ भावाला 'तुझा बाप कोण' विचारतो.

तिसरा कागद वतनं रद्द झाल्यानंतरचा. १९५८ चा कायदा झाला, खालची गावकामगार वतनं संपली, जमिनी पैसे भरून पुन्हा कब्जेदारांच्या नावे द्यायच्या होत्या. त्या चौकशीत भावकीतल्या एका चुलत्याचा जबाब आहे. हा त्याच माणसाचा मुलगा, ज्यानं १९३४ साली हरकत घेतली होती. जबाबात तो म्हणतो, हा आमचा भाऊ आहे, तक्षिमेत त्याचा हिस्सा आहे, माझी हरकत नाही. खाली अंगठा. मधल्या काळात काय झालं होतं? १९५६ साली नागपूरला दीक्षा झाली होती, पुढच्या साली आमच्या गावात. देव नदीत सोडले होते. त्या चुलत्यानं धम्माच्या पुस्तकाचं एक पानही वाचलेलं नव्हतं, त्याला वाचता येत नव्हतं. पण रक्ताचा हिशेब त्यानं त्या अंगठ्याखाली मिटवला. आमच्या घराण्याचं दत्तकविधान झालं ते तेव्हा, चाळीस वर्षांनी, पोर म्हातारं झाल्यावर.

पणजा मूळचा कुठल्या जातीचा, ते मी शोधू शकलो असतो. शेजारच्या गावच्या मरणाच्या नोंदीत एका मांगाच्या घरातली चार माणसं आठ दिवसांत गेलेली दिसतात. बोट तिकडं जातं. मी तिथं रजिस्टर मिटलं. खापरपणजीनं जात विचारली नाही, तिचं उत्तर मी कशाला बदलू?

३

आता तुम्ही म्हणाल, हे घरगुती झालं, चळवळीला काय? तर ऐका.

आपल्या चळवळीच्या इतिहासात तीन दत्तक पोरं आहेत, आन् ती आपण कधी एका ओळीत उभी करून बघितली नाहीत.

पहिला गोपाळ. मालेगावजवळच्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोर. बडोद्याची गादी रिकामी झाली, राणी जमनाबाईनं १८७५ साली त्याला दत्तक घेतला. तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. तोच सयाजीराव. त्यानं सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, आन् १९१३ साली त्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव अमेरिकेला गेले.

दुसरा यशवंत, कागलच्या घाटग्यांचा. १८८४ साली कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेला, दहाएक वर्षांचा असताना. तोच शाहू. १९०२ साली त्यानं निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या, १९२० साली माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांना पुढारी म्हणून लोकांपुढं केलं. आन् १९१८ साली, आमच्या खापरपणजीनं पोर कडेवर घेतलं त्याच साली, त्यानं आपल्या संस्थानात महारकीचं वतन मोडलं. माणदेश इंग्रजी मुलखात, म्हणून आमच्या माणसाला आणखी चाळीस वर्षं पळावं लागलं.

ही दोन दत्तकं गादीची. जातीत, कुळीत बघूनच घेतलेली. ह्यात क्रांती नाही. गादीनं पोर निवडलं, पोरांनी गादीचा उपयोग वेगळा केला, एवढंच.

तिसरं दत्तक मात्र कुठल्याच शास्त्रात बसत नव्हतं. जोतीराव आन् सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. बामणांच्या विधवांना दिवस गेले की एक तर तिनं मरायचं नाही तर पोर मारायचं, अशी चाल. फुल्यांनी सांगितलं, इथं या, बाळंत व्हा, पोर हवं तर घेऊन जा, नाही तर इथं ठेवा. पुढं पंढरपुरातही प्रार्थना समाजाच्या माणसांनी असं घर चालवलं. फुल्यांच्या घरी बाळंत झालेल्या एका बामण विधवेचं पोर जोडप्यानं १८७४ साली आपलं केलं. नाव यशवंत.

पोथी उघडून तपासा. जात एक नाही. आई विधवा. बापाचं नाव नाही. पोथीप्रमाणं ह्यात एकही गोष्ट बसत नाही. माळ्याच्या घरात बामणीचं पोर! आपण नेहमी म्हणतो फुल्यांनी शाळा काढली, विहीर खुली केली. ते खरंच. पण शाळा अंगणात असते. पोर घरात, ताटात, अंथरुणात असतं. जोतीरावांनी जात मोडली ती चुलीपाशी. आन् भाबडेपणानं नाही. १८८७ साली रीतसर मृत्युपत्र करून त्यांनी यशवंताच्या हक्काचा कागद करून ठेवला. कारण त्यांना माहीत होतं, भावकी येणार. भावकी आलीच. १८९० साली जोतीराव वारले, यशवंतानं टिटवं धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली. सावित्रीबाई पुढं झाल्या, टिटवं स्वतः धरून चालल्या. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात मायलेकांनी रोगी उचलले, त्यातच सावित्रीबाई गेल्या. पिंड देऊन नरकातनं बाहेर काढणारा पुत्र तो नव्हता. जिवंत माणसं रोगातनं बाहेर काढणारा होता.

४

कायदा कधी बदलला?

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल आणलं त्यात दत्तकाचाही भाग होता. आपण बिलाबद्दल बोलतो तेव्हा घटस्फोट आन् मुलींचा वाटा एवढंच बोलतो. पण नवऱ्यानं बायकोला न विचारता दत्तक घेऊ नये, हे कलम त्यात होतं. जुन्या कायद्यात बायकोची संमती लागतच नव्हती. ती रांधून वाढणार, पोर वाढवणार, पण घेण्याचा निर्णय नवऱ्याचा. बिल अडवलं गेलं, २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. पुढं तुकड्या-तुकड्यानं तेच कायदे झाले. दत्तकाचा कायदा झाला २१ डिसेंबर १९५६ ला. तारीख बघा. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण. पंधरा दिवसांनी.

त्या कायद्यानं जातीची अट गेली. पोरगी दत्तक घेता येऊ लागली. बायकोची संमती सक्तीची झाली. विधवेला, घटस्फोटितेला, बिनलग्नाच्या बाईला स्वतःच्या नावानं पोर घेता येऊ लागलं. विवाहित बाईला मात्र नवऱ्याच्या संमतीनं स्वतः दत्तक घ्यायचा हक्क मिळायला २०१० साल उजाडलं. आन् हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. अनाथाचं दार मात्र ५६ सालीही बंदच राहिलं होतं. १९६२ साली दुरुस्ती झाली, तेव्हा कोर्टाच्या परवानगीनं पालकाला अनाथ किंवा टाकलेलं पोर दत्तक देता येऊ लागलं. कात्री चालवून पंडितांनी ज्याला बाहेर काढलं होतं तो अपविद्ध १९६२ साली परत आत आला. त्याच्यानंतर २००० चा न् २०१५ चा बाल न्याय कायदा आला. त्यात कुठल्याही धर्माच्या माणसाला पोर घेता येतं. २०२१ च्या दुरुस्तीनं हुकूम आता जिल्हाधिकारी देतो.

५

एवढा इतिहास मी का उगाळला, त्याचं कारण सांगतो. माझ्या थोरल्या भावाला आन् वहिनीला आठ वर्षं झाली, मूल नाही. त्यांनी सरकारी यादीत नाव घातलं. फॉर्मवर मुलगा की मुलगी ते विचारतात, वय विचारतात. जात विचारत नाहीत, जात मागता येत नाही. बरं आहे. पण वस्तीत बातमी फुटली आन् लोक बोलू लागले. कोण बोलू लागले? चौदा एप्रिलला निळा फेटा बांधणारे. "आपल्यातलंच बघा की." "कुणाच्या रक्ताचं असंल काय सांगावं." "उद्या दाखल्याची भानगड व्हईल." वहिनी रात्री माझ्या आईजवळ बसून रडली.

दाखल्याची भानगड खोटी नाही, ती आधी सोडवू. १९९६ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पुढारलेल्या जातीत जन्मून तिथली सुरुवात मिळालेला माणूस दत्तकानं नाही तर लग्नानं मागास जातीत आला तरी त्याला राखीव जागा मिळणार नाही. हे योग्यच आहे. नाही तर उद्या वाड्यावरची पोरं कागदोपत्री महारवाड्यात दत्तक येतील. २०१२ साली आंतरजातीय लग्नाच्या पोराबद्दल त्याच कोर्टानं म्हटलं, नुसता बाप बघू नका, पोर कुठं वाढलं, काय भोगलं ते बघा. आन् ज्या पोरांची जात माहीतच नाही अशा अनाथांसाठी महाराष्ट्र सरकारनं २०१८ साली एक टक्का जागा ठेवल्या. म्हंजे प्रश्न आहे, पण तो वकिलाला विचारायचा प्रश्न आहे. त्याच्याआड लपून रक्ताचा प्रश्न विचारू नका.

रक्ताचा प्रश्न विचारणाऱ्याला माझं उलट विचारणं आहे. पंचवीस डिसेंबर १९२७ ला महाडला जे पुस्तक जाळलं त्यात काय होतं? हेच होतं. औरस वर, शौद्र खाली. ते पुस्तक जाळायचं आन् त्यातली यादी पाठ ठेवायची, हे कसं? बुद्धानं जन्मावरनं कुणी नीच होत नाही असं सांगितलं, ते आपण वंदनेनंतर ऐकतो. मग त्यात झोळीतलं पोर येत नाही का? १९१८ साली एका अडाणी, उपाशी, देव्हाऱ्यापुढं नारळ फोडणाऱ्या बाईनं जे केलं ते आपल्याला, शिकलेल्यांना, जयभीमवाल्यांना जड जात असेल, तर आपण पुढं आलो की मागं गेलो? मी कार्यकर्त्याला विचारतोय, बामणाला नाही. बामणाला विचारायचं ते विचारून झालंय.

६

तुमच्या घरातही असं पोर असेल. शोधायचं कसं, ते सांगतो.

म्हाताऱ्यांना 'दत्तक' म्हणून विचारू नका, त्या 'न्हाई' म्हणतील. विचारा, ओटीत कुणाला घेतलं होतं? मानमोडीत, बहात्तरच्या दुष्काळात कोण आलं? जावळ कुणी काढलं? मेल्यावर पाणी कुणी पाजलं, सुतक कुणी धरलं? तिघींना वेगवेगळं विचारा न् लिहून ठेवा.

मग कागद. कोतवाल बुकात बहुतेक वेळा पोराचं नाव नसतं, बापाचं नाव, जात आन् मुलगा की मुलगी एवढंच असतं, म्हणून बापाच्या नावानं शोधा. नोंद नसणं हाही पुरावा असतो. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर बघा, पालक म्हणून कुणाची सही-अंगठा आहे ते पाहा. फेरफार वाचताना नामंजूर नोंदी सोडू नका, आपला इतिहास नामंजूर नोंदीतच जास्त आहे. दत्तकपत्र झालं असेल तर दुय्यम निबंधकाकडं सापडेल. दत्तकात नाव बदलतं हे ध्यानात ठेवा. गोपाळचा सयाजीराव झाला तसा तुमच्या घरातल्या कुणा किसन्याचा गोविंदा झाला असेल. १८९७ न् १९०० च्या दुष्काळातली पोरं मिशनच्या अनाथाश्रमात गेली, केडगावला पंडिता रमाबाईंनीही शेकड्यांनी नेली. तेव्हा बाप्तिस्म्याची रजिस्टरंही बघा. मुंबईच्या गिरणीत कुणी असेल तर फंडाच्या कागदावर वारस म्हणून कुणाचं नाव घातलं ते पाहा, माणूस तिथं खोटं लिहीत नाही. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी शिंदे समिती नेमली गेली न् जुनी दप्तरं बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली. त्याच रजिस्टरांत आपलीही माणसं आहेत. मोडी शिका. महिन्याभरात येते.

एक गोष्ट पाळा. मेलेल्यांचा शोध घ्या, जिवंतांचा नको. संस्थेतनं आलेल्या पोराचं मूळ शोधायचा हक्क कायद्यानं त्याचा स्वतःचा आहे, मोठं झाल्यावर त्यानं ठरवायचं. शेजारणीनं नाही, कार्यकर्त्यानं नाही, इतिहास लिहिणाऱ्यानंही नाही.

आमच्या भावाचा नंबर अजून लागायचाय. लागेल तेव्हा पोर घरी येईल आन् मी त्याला ते तीन कागद दाखवीन, मोडीसकट. तुम्ही तुमचे कागद काढा. सापडलेलं एक पान का होईना, लिहून अंकाकडं पाठवा. म्हाताऱ्या थांबणार नाहीत, रजिस्टरांना वाळवी थांबणार नाही.

जयभीम.